उजवीकडे

मी आयुष्यात दोनदा गाडी चालवायला शिकले. पहिल्यांदा शिकले तेव्हा मी तिशीत होते. पहाटेचा रिकामा कर्वे रस्ता, आमची पहिली मारुती आणि शेजारी बसून शांतपणे सूचना देणारे माझे यजमान, असे ते दिवस होते. दुसऱ्यांदा शिकले ती पासष्टाव्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट या गावी, लेकीकडे राहायला गेल्यावर. या खेपेस सूचना देणारी लेक होती आणि यजमान मागच्या आसनावर खिडकीबाहेर पाहत गप्प बसलेले असत. ते गप्प बसणे कसे सुटले, त्याची ही हकीकत आहे.

यांना पार्किन्सनचे निदान झाले त्याला आता आठ वर्षे होतील. प्रथम उजव्या हाताची थरथर, मग अक्षर बारीक होत जाणे, मग चालताना पाऊल अडखळणे, अशा क्रमाने तो आजार आमच्या घरात शिरला. या आजारात हालचाल मंदावते. डोळ्यांना धोका दिसला तरी पाय ब्रेकवर पडायला उशीर होऊ शकतो. त्यावरच्या काही औषधांनी एकाएकी झोपही येऊ शकते. डॉक्टरांनी हे समजावून सांगितले त्या दिवशी घरी आल्यावर यांनी गाडीची किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "आजपासून ही तुझी." त्यानंतर ते माझ्या शेजारी बसत, पण रस्त्याविषयी एक अक्षरही बोलत नसत. मी गिअर चुकीचा टाकला तरी नाही. मला तो त्यांचा समंजसपणा वाटे. तो शोक होता, हे माझ्या पुष्कळ उशिरा ध्यानात आले.

पुढे दोघांनाच पुण्यात राहणे अवघड होऊ लागले आणि लेकीच्या आग्रहावरून आम्ही फ्रीमाँटला गेलो. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडचे हे शहर. भारतीय माणसे पुष्कळ, भाजीही हवी ती मिळते; पण पायी जाण्याजोगे फारच थोडे. यांना आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी आणि एकदा स्पीच थेरपी सुरू झाली. प्रत्येक वेळी लेक किंवा जावई कचेरीचे काम अर्धवट टाकून आम्हांला न्यायचे. कोणी कुरकुर करत नसे. तरीही एकदा जावयांनी फोनवर हळू आवाजात कोणाची तरी क्षमा मागितलेली मी ऐकली, आणि त्या रात्री मी लेकीला म्हटले, "मला इथली गाडी शिकव."

तिथे कायम राहायला गेलेल्या माणसाला तिथलाच परवाना काढावा लागतो. आधी डोळ्यांची तपासणी आणि लेखी चाचणी, मग शिकाऊ परवाना, मग प्रत्यक्ष रस्त्यावरची परीक्षा. लेखी चाचणीचे मला भय नव्हते. आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या शिक्षिकेला पुस्तक पाठ करणे जड नाही. जड गेले ते शरीराला पटवणे.

वाचकांपैकी ज्यांनी परदेशी गाडी चालवली नाही त्यांना वाटेल, बाजू तेवढी बदलायची, त्यात काय एवढे! पण रस्त्याची बाजू बदलते तेव्हा गाडीच्या आतलेही बरेच काही बदलते. चालकाचे आसन डावीकडे जाते. आमच्या मारुतीत इंडिकेटर उजव्या हाताशी होता. इथे तो डाव्या हाताशी. परिणामी पहिले पंधरा दिवस मी प्रत्येक वळणावर कोरड्या काचेवर वायपर फिरवत असे आणि नातू मागून म्हणे, "आजी, पाऊस आला का?" गिअर टाकायला डावा हात जाई तो दारावर आपटे. गाडी स्वयंचलित गिअरची असल्याने डाव्या पायाला कामच नव्हते, पण तो बिचारा क्लच शोधत राही; एकदा त्याला क्लच म्हणून ब्रेक सापडला आणि आम्ही सारे पुढे फेकले गेलो. त्या दिवसापासून डावा पाय मी आसनाखाली मागे ओढून बसू लागले. आणखी एक गंमत अशी की, उजवीकडे बसून चालवण्याची सवय असलेल्याला डाव्या आसनावरून गाडीच्या रुंदीचा अंदाज येत नाही. आपण मध्यावर आहोत असे वाटते आणि गाडी मात्र उजव्या कडेला घासत चाललेली असते.

लेकीने मला एक सोपी खूण दिली. जगात कुठेही गेलीस तरी चालक रस्त्याच्या मध्याकडे आणि शेजारी बसलेला माणूस पदपथाकडे, एवढे लक्षात ठेव. ही खूण गाडी आपल्या देशातली असो वा परक्या, ती त्या देशाच्या रिवाजाप्रमाणे बनलेली असली की लागू पडते. शिवाय दुसरे एक सूत्र: आपल्याकडे डावे वळण लहान आणि उजवे मोठे, इथे उजवे लहान आणि डावे मोठे. डावीकडे वळताना समोरची बाजू ओलांडून पलीकडच्या आपल्या मार्गिकेत जायचे. हे सूत्र मी वहीत लिहिले, पाठ केले आणि विसरणार नाही अशी माझी खात्री झाली.

नियमांमागचा स्वभाव मला आवडू लागला. चार रस्ते मिळतात तिथे कित्येकदा सिग्नल नसतो, पोलीस नसतो. चारी बाजूंना थांबण्याच्या लाल अष्टकोनी पाट्या असतात. जो आधी आला तो आधी जातो. दोघे एकदम आले तर आपल्या उजव्या हाताच्या गाडीला आधी जाऊ द्यायचे. शाळेची पिवळी बस थांबून तिचे लाल दिवे लुकलुकू लागले की मागच्या गाड्यांनी थांबायचेच, आणि अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्यांनीही. रुग्णवाहिकेचा आवाज येताच सगळ्यांनी उजव्या कडेला सरून उभे राहायचे. हॉर्न क्वचित ऐकू येतो. पुण्यात हॉर्न म्हणजे "मी आलो बरं का" एवढाच निरोप. इथे तो कानउघाडणीसारखा लागतो.

रस्त्यावरच्या पहिल्या परीक्षेत मी नापास झाले. कारण ऐकून हसू येईल. थांबण्याच्या पाटीशी मी वेग अगदी कमी केला, दोन्हीकडे पाहिले आणि निघाले. माझ्या मते मी थांबले होते. परीक्षकाच्या मते चाके फिरत होती. दुसरी उणीव मानेची. मार्गिका बदलताना आरशांवर विसंबून भागत नाही. खांद्यावरून मागे वळून पाहावे लागते, कारण आरशांत न दिसणारा एक कोपरा असतोच. माझी मान गेली कित्येक वर्षे आखडलेली. यांच्या फिजिओथेरपीच्या बाईंना मी संकोचत विचारले, तेव्हा त्यांनी मला तपासून हनुवटी सावकाश खांद्याकडे नेण्याचे साधे व्यायाम दिले. सहा आठवड्यांनी मला माझा मागचा कोपरा दिसू लागला. घरातल्या आजारी माणसाच्या औषधपाण्यात सांभाळणाऱ्याची मान किती वर्षे आखडलेली राहते, हे कोणी विचारत नाही. आपणही विचारत नाही. दुसऱ्या खेपेस मी उत्तीर्ण झाले.

मग सहा-सात महिने सारे सुरळीत चालले. यांना उपचारांना मीच नेऊ लागले. यजमान आता माझ्या उजव्या हाताला बसत आणि पूर्वीसारखेच गप्प असत. लेकीचा चेहरा निवांत दिसू लागला. वायपर आता पावसातच फिरत. मला वाटले, जुनी सवय गेली.

याच सुमारास जावयांनी मला स्वीडनची गोष्ट सांगितली. त्या देशात वाहने डावीकडून चालत. 3 सप्टेंबर 1967 रोजी, रविवारी पहाटे पाच वाजता, साऱ्या देशाने बाजू बदलली. रस्त्यावरची मोजकी वाहने थांबवली, सावकाश उजवीकडे नेली आणि मग पुढे सोडली. त्याआधी कित्येक महिने पाट्या, पत्रके, गाणी यांतून लोकांची तयारी करून घेतली होती. भाकिते अपघातांची होती. प्रत्यक्षात आरंभी अपघात कमी झाले, कारण प्रत्येक जण जपून चालवत होता. काही काळाने लोकांची भीती गेली आणि अपघातांचे प्रमाण पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आले. गोष्ट मी कौतुकाने ऐकली. ती माझीच आहे हे मला कळले नाही.

डिसेंबरातली संध्याकाळ. तिथे नोव्हेंबरच्या आरंभी घड्याळे एक तास मागे घेतात, त्यामुळे पाच वाजायच्या आतच सूर्य मावळतो. आदल्या रात्री यांना झोप नव्हती, म्हणून मलाही नव्हती. सर्दीने डोके जड झाले होते आणि दुपारी मी सर्दीची एक गोळी घेतली होती. स्पीच थेरपी आटोपून आम्ही निघालो तेव्हा अंधार पडला होता, बारीक पाऊस भुरभुरत होता. वाहनतळातून बाहेर पडणारा रस्ता पूर्ण रिकामा. मनात रात्रीच्या स्वयंपाकाचा आणि यांच्या साडेपाचच्या गोळीचा हिशेब चालू होता. मी डावीकडे वळले. वहीतले सूत्र माझ्या डोक्यात होते. हातांनी मात्र कर्वे रस्त्यावरचे डावे वळण घेतले, लहान, डाव्या कडेला चिकटून. आणि मी शांतपणे, आपण बरोबर आहोत या खात्रीने, चुकीच्या बाजूने चालू लागले.

समोरून दोन दिवे आले. माझ्या मनात आले ते हेच की, हा कोण माणूस चुकीच्या बाजूने येतो आहे! मग लांब हॉर्न वाजला, दिवे लुकलुकले आणि मी सर्व शक्तीनिशी ब्रेक दाबला. दोन्ही गाड्या थांबल्या तेव्हा मध्ये दुसरी गाडी जेमतेम मावेल इतके अंतर उरले होते. त्या गाडीतून एक वयस्क गृहस्थ डोकावले. रागावले नाहीत. "तुम्ही ठीक आहात ना?" एवढे विचारून त्यांनी आपल्या गाडीचे धोक्याचे दिवे लावले आणि मी पलीकडे माझ्या बाजूला जाईपर्यंत रस्ता अडवून उभे राहिले.

पुढे कडेला गाडी उभी करून मी बसून राहिले. माझे हात थरथरत होते. यांचे तर थरथरत होतेच. त्या वेळी दोघांच्या हातांत काही फरक नव्हता.

बऱ्याच वेळाने हे म्हणाले, "मी ओरडलो होतो."

"काय?"

"उजवीकडे, उजवीकडे. दोनदा ओरडलो. तू ऐकलंच नाहीस."

मी खरोखरच ऐकले नव्हते. वायपरचा आवाज होता, गरम हवेच्या पंख्याचा होता. पार्किन्सनमध्ये आवाज हळूहळू खाली जातो, आणि कठीण गोष्ट अशी की, तो गेल्याचे ज्याचे त्याला कळत नाही. त्याच्या स्वतःच्या कानाला तो नेहमीसारखाच वाटतो. हे थेरपीच्या बाईंनी आम्हांला अनेकदा सांगितले होते आणि आम्ही माना डोलावल्या होत्या. त्या संध्याकाळी त्याचा अर्थ कळला. सात-आठ वर्षे रस्त्याविषयी एक अक्षर न बोललेला माणूस त्या दिवशी जिवाच्या आकांताने ओरडला होता, आणि शेजारी हातभर अंतरावर बसलेल्या बायकोपर्यंत ते पोहोचले नव्हते.

दोन दिवस मी लेकीला काही सांगितले नाही. भीती अपघाताची नव्हती, किल्ली जाण्याची होती. आणि मग मला देव्हाऱ्याशेजारची ती खुंटी आठवली. यांनी किल्ली अडकवली तेव्हा मनाला किती पडले असेल, याची कल्पना मला तेव्हा आली नव्हती; ती आता आली. तिसऱ्या दिवशी रात्रीची भांडी आवरताना मी सारे सांगून टाकले. लेक बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आई, तू आपणहून सांगितलंस म्हणून किल्ली तुझ्याकडेच राहू दे. पण आता नियम आपण दोघी मिळून करू."

नियम करण्याआधी तिने मला नेत्रतज्ज्ञांकडे नेले. परवान्याच्या वेळी डोळे तपासले होतेच. पण ती तपासणी भर उजेडात पाटीवरची अक्षरे वाचण्याची. रात्री समोरच्या दिव्यांभोवती मला जे तेजोवलय दिसे ते वयाचे म्हणून मी सोडून दिले होते. तो मोतीबिंदूचा आरंभ निघाला. अशा डोळ्यांवर समोरचा प्रकाश पसरतो आणि त्याच्या आजूबाजूचे दिसेनासे होते. नजरेच्या कडांची तपासणीही त्यांनी केली. काचबिंदूत बाजूचे दिसणे हळूहळू कमी होते आणि रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही, म्हणून ती करून घ्यावी असे ते म्हणाले. ती सुदैवाने ठीक निघाली. सर्दीच्या गोळीचे वेष्टन लेकीने मला वाचून दाखवले. झोप येऊ शकते, वाहन चालवू नये, असे त्यावर स्वच्छ छापलेले होते. यांच्या गोळ्यांची वेष्टने मी ओळन् ओळ वाचत असे. स्वतःची कधी वाचली नव्हती.

मग नियम ठरले. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. रात्र वाईट गेली असेल तर सकाळी तसे सांगायचे, लाजायचे नाही. महामार्गावर जायचे नाही. तिथे सामान्यतः ताशी 65 मैल, म्हणजे सुमारे 105 किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा असते. मला त्याची गरज नाही. उपचारांच्या वेळा दुपारी दोनच्या आत मागून घ्यायच्या. त्या मागितल्या आणि मिळाल्याही. आणि गाडी सुरू करण्यापूर्वी दोन मिनिटे स्वस्थ बसायचे. या दोन मिनिटांत स्वयंपाक, गोळ्या, फोन, सारे मनातून बाहेर ठेवायचे.

सर्वांत मोठा नियम मात्र यांनी केला. थेरपीच्या बाईंनी रोज मोठ्या आवाजात म्हणायची दहा वाक्ये लिहून आणायला सांगितली होती. घरात सहज लागणारी, चहा मागण्याची, फोनवर बोलण्याची. यांनी थरथरत्या बारीक अक्षरात यादी केली आणि पहिल्या ओळीत एकच शब्द लिहिला: उजवीकडे. बाईंनी अर्थ विचारला तेव्हा मीच सांगितला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तो असा म्हणा की चालकाला ऐकू आलाच पाहिजे."

त्यानंतर आमचा प्रवास असा होऊ लागला. वाहनतळातून निघताना, प्रत्येक वळणाआधी, हे छातीत श्वास भरून घेत आणि म्हणत, "उजवीकडे!" मी म्हणे, "ऐकलं." आवाज पडला तर मी उत्तर देत नसे, मग ते पुन्हा, अधिक जोराने म्हणत. पहिल्या आठवड्यात मला तो पोरखेळ वाटला. तिसऱ्या आठवड्यात माझ्या ध्यानात आले की हे आता समोर पाहत बसतात, बाजूच्या खिडकीतून नव्हे. पुढे त्यांच्या सूचना वाढल्या. "शाळेची बस आहे." "पाटी आली, पुरती थांब." एकदा तर "मागे वळून पाहिलंस का?" असेही विचारले. माझी मान वळते की नाही हे पाहण्यासाठी ते आपली आखडलेली मान माझ्याकडे वळवू लागले होते. शिकवणाऱ्याची जागा त्यांना परत मिळाली होती.

मुलांकडे परदेशी जाणाऱ्या माझ्या वयाच्या वाचकांना, आणि त्यांना सांभाळणाऱ्यांनाही, या अनुभवातून एवढेच सांगावेसे वाटते. गाडी चालवावी, जरूर चालवावी. चार भिंतींबाहेर पडण्याचे ते मोठे बळ आहे. परंतु विमानातून उतरल्याबरोबर किल्ली हातात घेऊ नये. झोपेचे चक्र बसेपर्यंत नुसते शेजारी बसून रस्ता पाहावा. रिकाम्या वाहनतळावर आधी हातापायांना नवे घर दाखवावे. आणि सवय झाली असे वाटू लागेल तेव्हा विशेष जपावे. चाळीस वर्षांची सवय पुसली जात नाही. ती नव्या सवयीखाली निजून राहते. गजबजलेल्या रस्त्यावर ती सहसा उठत नाही, कारण तिथे पुढची गाडी आपल्याला वाट दाखवते. ती उठते ती रिकाम्या रस्त्यावर, थकलेल्या शरीरात, दुसऱ्याच्या काळजीने भरलेल्या मनात. रुग्णाची सेवा करणाऱ्याला तर हे तिन्ही रोजचेच. म्हणून आपण कधी चुकू शकतो त्या वेळा ओळखाव्यात, आणि चूक झाली तर घरात सांगावी. एक दिवस माझीही किल्ली खुंटीला लागेल. तो दिवस मी स्वतः ठरवू शकले तर मला पुरे आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोन महिने पुण्याला आलो होतो. तिथे मी गाडीला हात लावला नाही. पुन्हा डावीकडचे शिकण्यात तेवढे दिवस गेले असते. रिक्षाने फिरलो. एकदा कर्वे रस्त्याने जात होतो. भोवती बस, दुचाकी, हॉर्न, रिक्षाचे स्वतःचे इंजिन. एका वळणाशी यांनी सवयीने छातीत श्वास भरला आणि मोठ्याने म्हणाले, "उजवीकडे!"

रिक्षावाल्याने दचकून आरशात पाहिले. "काका, उजवीकडं कुठं? नळस्टॉप सरळ आहे की!"

हे ओशाळले. रिक्षावाला पुढे बराच वेळ काही बोलत होता, त्यातले मी थोडेच ऐकले. एवढ्या गदारोळात त्याला यांचा आवाज पहिल्या फटक्यात ऐकू आला होता. मी यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हटले, "ऐकलं."